रेक्सला बसता येईल अशी बोट

नेव्हिल ट्रँटरने आयुष्यातले मोठे निर्णय झटपट घेतले होते. बायको एका नाचात पसंत केली, घर तर गाडीतून खाली न उतरता. पण ऑक्टोबरपासून विकाऊ असलेल्या दोन जुन्या बोटींपैकी कुठली घ्यावी, यात त्याची मती पार गुंग झाली होती.

पहिली बोट शेजारच्या कोबार्गो गावी एका दूधवाल्या शेतकऱ्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. जाड ॲल्युमिनियमची, केबिनवाली. कठडे कमरेपर्यंत उंच, आणि सुकाणूशेजारी दुसरी खुर्ची, तिला दोन्ही बाजूंनी धरायला दांडे. ट्रेलरसकट ती इतकी जड की वाऱ्याच्या दिवशी पाण्यात सोडायला दोन माणसं हवीतच. दुसरी त्याच्याच गावात, नरूमात, केरी-ॲन नावाच्या नर्सच्या अंगणात. फायबरची, उघडी, बुटक्या कठड्यांची. सकाळी उठून एकटा माणूस ती गाडीला जोडेल, पाण्यात लोटेल, मॉन्टेग्यू बेटापलीकडे जाऊन येईल, आणि कुणाला हाकसुद्धा मारावी लागणार नाही.

दोन्ही समुद्रात चांगल्या, दोन्हींची इंजिनं ठणठणीत. नेव्हिल दोन्हींच्या बुडाखाली उताणा झोपून आला होता. बोटी सोडायच्या उतारावर जो भेटेल त्याला तो विचारायचा, आडवी लाट आली तर कुठली बरी? एक म्हणे ॲल्युमिनियम. दुसरा म्हणे, छे, पत्र्याचा डबा बडवल्यासारखी वाजते ती. तिसरा म्हणे दोन्ही सोड, माझी घे. घरातून निघताना तो जेवढा गोंधळलेला असे त्याच्या दुप्पट गोंधळून घरी येई.

"मला पसंत करायला तीन गाणी पुरली तुला," त्याची बायको ग्लेनिस म्हणाली. "तेव्हा नाही कुणाकुणाला विचारत फिरलास."

"तेव्हा कुणी एवढे सल्ले देत नव्हतं."

"रेक्सला विचार ना सरळ."

"विचारलं. म्हणतो, तुला आवडेल ती घे."

"बोटीचं नव्हे रे बाबा. ते दुसरं विचार."

नेव्हिलने टोस्ट अर्धाच टाकला आणि मागच्या अंगणात जाऊन उगाचच नळी गुंडाळत बसला.

ते दुसरं म्हणजे काय, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. रेक्स हॅलम आणि तो वीज खात्यात खांबांवर चढायचे तेव्हापासून एकत्र मासेमारीला जात. आता रेक्सला कंपवाताने धरलं होतं. जुलैत, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यात, परत येताना, खाडीच्या तोंडाशी उथळ वाळूवर लाटा फुटतात तिथे, रेक्सचा हात सुटला आणि तो बोटीत आडवा पडला. उठला, हसला, काही नाही म्हणाला. त्यानंतर लगेच नेव्हिलच्या आधीच्या बोटीची मागची फळी कुजलेली निघाली, ती भंगारात गेली आणि बोलायचं राहून गेलं. आता मोठी बोट घेतली तर रेक्स येणार. लहान घेतली तर रेक्सचं संपलं, आणि ते नेव्हिलने ठरवलं. सगळं घोडं इथे अडलं होतं, आणि हा शहाणा लोकांना बुडाच्या आकाराबद्दल विचारत होता.

गुरुवारी तो रेक्सकडे जाऊन आलाच होता. रेक्सने चहा दिला. स्वतःचा कप अर्धाच भरला, हिंदकळू नये म्हणून.

"मोठीची खुर्ची चांगली आहे," नेव्हिल म्हणाला.

"असेल."

"लहान ओढायला हलकी."

"मग तर बरंच."

"तू काय म्हणतोस?"

"मी काय म्हणणार लेका? बोट तुझी, पैसा तुझा, पाठही तुझीच मोडणार."

रेक्सच्या चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळेना. नेव्हिलने क्रिकेटचा विषय काढला, चहा संपवला आणि वाटेत स्वतःला यथेच्छ शिव्या घातल्या.

शनिवारी केरी-ॲन म्हणाली, "अहो, घेऊन जा ना, चालवून बघा. मला आज ड्यूटी आहे. धुऊन परत आणा म्हणजे झालं." तिच्या बोटीचं नावही 'नाइट शिफ्ट'. नेव्हिलने ती उतारावर नेली, पाण्यात सोडली, बांधली, गाडी लावून आला. सगळं इतकं सुरळीत झालं की त्याला करमेना. कुणी त्याच्यावर ओरडलंच नव्हतं.

खाडीचं तोंड ओलांडण्याआधी टेकडीवरच्या बचाव केंद्राला रेडिओवर कळवायचं, हा इथला शिरस्ता. बोट कुठली, जाणार कुठे, परत कधी, माणसं किती. रेडिओवर डल्सी होती. पूर्वी ती पोस्टात होती आणि गावातला प्रत्येक आवाज ओळखायची.

"नरूमा, 'नाइट शिफ्ट' बोलतेय. मॉन्टेग्यूला चाललोय, दुपारपर्यंत परत. बोटीवर दोन माणसं."

"ऐकलं नेव्हिल. दोघं. सांभाळून जा."

वर्षानुवर्षं त्याने हेच वाक्य म्हटलं होतं. जीभ आपली आपणच बोलून गेली, आणि नेव्हिलला त्याचा पत्ताही लागला नाही.

बोट झकास चालली. बेटाजवळ सील खडकांवर लोळत होते, पाणी निळं गडद होतं. थोड्याच वेळात एक दणदणीत किंगफिश गळाला लागला. "रेक्स, जाळी!" नेव्हिल ओरडला आणि हात मागे केला. हातात कुणी जाळी दिली नाही. रॉड काखेत दाबून, शिव्या देत, त्याने तो मासा कसाबसा वर घेतला. मग तो मासा पायाशी घेऊन बसून राहिला. आनंद झाला होता हे खरं, पण चोरी केल्यासारखंही वाटत होतं. बोट आवडली होती. आवडली म्हणून तिचा रागही येत होता. अशा अवस्थेत माणसाने काय ठरवावं?

परतताना वारा वाढला. खाडीच्या तोंडापाशी लाटा पांढऱ्या फुटत होत्या.

"नरूमा, 'नाइट शिफ्ट' आत येतेय. तोंड कसं आहे?"

"उसळतंय. मोठ्या लाटा जाऊ दे, मग ये. दोघांनी लाइफ जॅकेट घातलीत ना?"

"दोघं कोण? मी एकटाच आहे."

रेडिओवर वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"नेव्हिल, सकाळी तू दोघं सांगितलं होतंस."

"छे, रेक्स नाहीये बोटीवर."

"रेक्सला शेवटचं कधी पाहिलंस?" डल्सीचा आवाज एकदम सरकारी झाला होता.

"गुरुवारी."

"कुठे?"

"त्याच्या स्वयंपाकघरात! हे काय विचारतेस तू, डल्सी?"

आणि मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. डल्सीला वाटत होतं, रेक्स पाण्यात पडला. तो रेडिओत ओरडायला लागला, चुकून बोललो, सवयीने बोललो, रेक्स आलाच नव्हता. पण दोघं सांगून जाणारा एकटा परतला तर त्याच्या शब्दावर कुणी थांबत नाही. दुसरा माणूस डोळ्यांनी दिसावा लागतो. बचाव बोटीच्या लोकांना बोलावणं गेलं. बेटाजवळची एक बोट शोधायला मागे वळलीसुद्धा. धरणीने पोटात घ्यावं म्हणावं, तर नेव्हिलच्या खाली धरणीही नव्हती.

"सगळे थांबा," शेवटी डल्सी म्हणाली. "रेक्स सापडला. माझ्या खिडकीतून दिसतोय, खाडीच्या भिंतीवर उभा आहे. नेव्हिल, तो तुला हात करतोय. शिव्या देत असावा."

नेव्हिल एका लाटेच्या पाठीवर बसून आत आला. भिंतीच्या दगडांवर रेक्स काठी रोवून उभा होता, आणि बोट शांत पाण्यात येईपर्यंत तो हलला नाही.

रेक्स उतारावर पोचेपर्यंत नेव्हिलने बोट ट्रेलरवर चढवलीही होती.

"मी मेलो होतो म्हणे," रेक्स म्हणाला. "भिंतीवर उभा होतो तेव्हा शेजारणीचा मोबाइलवर फोन आला. मीच उचलला, तर मलाच विचारते, रेक्स खरंच गेला का हो?"

"चुकलं लेका. सवय."

"सकाळी मी घरी रेडिओ लावून बसलो होतो. बोटीवर दोन माणसं! पोटात दुखलं माझ्या. म्हटलं, कुणाला नेलं याने? मग कळलं, मलाच नेलंय. मग घरात बसवेना, आलो भिंतीवर."

नेव्हिलला आता धीर आला. "मी मोठीच घेतो, रेक्स. उद्याच जातो कोबार्गोला. तुला खुर्ची आहे, धरायला दांडे आहेत, कठडा..."

"नको."

"अरे पण..."

"मोठी घेतलीस तर मला यावं लागेल, नेव्ह. आणि मला भीती वाटते."

बोट ट्रेलरला आवळायचा पट्टा नेव्हिलच्या हातात तसाच राहिला. इतक्या वर्षांत त्याने रेक्सच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता, खांबावर वीज कडकडत असतानासुद्धा.

"जुलैत पडलो ना, तेव्हा लाट येताना मला दिसत होती," रेक्स म्हणाला. "धर म्हणून हाताला सांगत होतो आणि हात ऐकतच नव्हता. तेव्हापासून रोज वाटतं, या बाबाने लहान बोट घ्यावी. म्हणजे मला तोंडाने सांगायला नको."

"आणि मला वाटत होतं, लहान घेतली तर मीच तुला ढकलून उतरवलं असं होईल."

"मी केव्हाच उतरलोय. तुला सांगितलं नाही, एवढंच."

नेव्हिल ट्रेलरच्या चाकावरच्या पत्र्यावर बसला आणि चारचौघांत रडला. इतके दिवस ज्या उत्तराला तो घाबरत होता ते मिळालं होतं, आणि ते मिळाल्याचं बरं वाटत होतं म्हणून त्याला आणखीच वाईट वाटत होतं. रेक्स शेजारी टेकला.

"झालं का रडून?"

"झालं."

"मग सांग आता. सुरुवातीपासून. काही गाळायचं नाही."

नेव्हिलने नाक पुसलं आणि सांगायला लागला. जाताना खाडीच्या तोंडातून बोट कशी काढली, इथवरच तो आला होता, तोच रेक्सने काठी आपटली.

"थांब, थांब. उत्तरेच्या बाजूने काढलीस? एकट्याने? अक्कल आहे का तुला?"

"तूच तर नेहमी म्हणायचास, उत्तरेने काढ!"

"मी शेजारी असताना, गाढवा!" रेक्स म्हणाला.