उलटी निशाणं

भिंगारमध्ये रंगनाथ भालसिंगच्या घरी समुद्र होता. साल बहात्तर, नळाला पाणी आलं तर आलं, आणि या गृहस्थाच्या बाहेरच्या खोलीत टेबलभर समुद्र. तोही निळा नाही, लष्करी हिरवा. लष्कराच्या वर्कशॉपात आयुष्यभर गाड्या रंगवलेल्या माणसाकडे दुसरा कुठला रंग उरणार?

त्या समुद्रावर बोटभर लांबीची जहाजं उभी असत. पांगाऱ्याच्या लाकडाचं अंग, उदबत्तीच्या काडीची डोलकाठी, खळ देऊन कडक केलेल्या जुन्या धोतराची शिडं, टोकाला कागदाचं निशाण. एका बाजूला मराठ्यांची गलबतं, दुसऱ्या बाजूला इंग्रजांची मोठी जहाजं. वर्कशॉपातल्या एका कॅप्टनसाहेबाला असल्या लढायांचा नाद होता. त्याची जहाजं रंगवता रंगवता रंगनाथ खेळ शिकला आणि साहेबाची बदली झाल्यावर त्यानं स्वतःचं आरमार बांधलं. टेबलावर खडूनं वाऱ्याचा बाण काढायचा. वाऱ्याबरोबर जाणारं जहाज वीतभर सरकवायचं, वाऱ्याच्या तोंडावर असलेलं जागीच अडकायचं. तोफ लागली की हुकली ते फासे टाकून ठरवायचं.

पण खेळायचं कुणाशी? हे मात्र त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. त्याची बायको मुक्ताबाई खेळायची. रविवारी जेवणं उरकली की दार लोटून घ्यायची, पदर खोचायची आणि इंग्रजांच्या बाजूनं बसायची. मोठी चिवट बाई. जिंकली की संध्याकाळपर्यंत गालातल्या गालात हसत राहायची. पिकल्या केसांचा माणूस बायकोशी जहाजं जहाजं खेळतो, हे भिंगारात कळलं असतं तर बाजारातून चालणं मुश्कील झालं असतं. म्हणून दोघांनी ते गुपित ठेवलं. ती गेली आणि गुपित सांभाळायला रंगनाथ एकटा उरला.

त्यानंतर तो एकटाच खेळायचा. मराठ्यांची चाल झाली की उठून समोरच्या खुर्चीत जायचं, इंग्रजांची चाल करायची, की परत इकडे. लबाडी त्यानं कधी केली नाही. पण समोरचा काय करणार हे आधीच ठाऊक असलं की खेळात राम राहत नाही, आणि तिच्या खुर्चीत बसताना त्याला दर खेपेला भरून यायचं. त्याला समोर माणूस हवा होता. दुसरं काही नको होतं.

अशात पाथर्डीकडचे सहादेव आव्हाड शेजारी लेकीकडे राहायला आले. उभी हयात नौदलात गेलेली, शिडाच्या होड्यांवर हात बसलेला, आणि आता नातवंडांच्या गलक्यात जीव रमेना. एका रविवारी खिडकीतून त्यांना टेबल दिसलं आणि ते न विचारता आत आले. रंगनाथला इतका आनंद झाला की चहा टाकायचंही त्याला सुचलं नाही.

सहादेवांनी एक गलबत हातात घेतलं, फिरवून पाहिलं. "रंगनाथराव, ह्ये निशान उलटं हाय."

"उलटं कसं? जीपवर बघा की. मागंच उडतं."

"जीप इंजनावर पळती. गलबत वाऱ्यावर पळतं. तुमची शिडं पुढं फुगल्यात आन् निशानं मागं उडत्यात. दोन वारं हायत का तुमच्या समुद्रात?"

रंगनाथला ते तिथल्या तिथं पटलं. पण तोंडातून निघालं ते "असू द्या." निशाणं मुक्ताबाईनं चिकटवली होती. पतंगाचा कागद, नखाएवढे तुकडे, कणकेची खळ. वर्कशॉपच्या जीपवर तिनं पाहिलं होतं तशीच, सगळी एकजात मागे.

दोघे खेळू लागले, पण सहादेवांचा डोळा खडूच्या बाणाकडे जाईच ना. जन्माची सवय, निशाणाकडे बघून वारा ओळखायची. वारा समोरून आहे असं समजून ते भलतीकडे जहाज वळवायचे आणि तोफांच्या तोंडी द्यायचे. तीन रविवार हरल्यावर ते वैतागले. "टाचनीवर फिरती निशानं करा. वारं आसंल तिकडं बोटानं फिरवू."

"नाही जमायचं."

"का?"

रंगनाथनं फासे गोळा केले. बायको खेळायची, हे शब्द जिभेपर्यंत आले आणि तिथंच राहिले. सहादेवांना वाटलं, गडी आडमुठा आहे. पुढच्या रविवारी ते आले नाहीत. रस्त्यात भेटले तर रामराम करायचे आणि पुढे निघायचे.

पुन्हा ती खुर्ची, पुन्हा ती ऊठबस. आता तर जास्तच जड. शेवटी एका दुपारी त्यानं वाटीत पाणी घेतलं आणि काडीनं एका निशाणावर थेंब सोडला. अलगद सुटलं तर डबीत जपून ठेवू, असा त्याचा विचार होता. खळ सुटली नाही, कागदच विरघळला. बोटाला भगवा रंग लागला, बाकी काही उरलं नाही. तिथंच थांबायला हवं होतं. तो थांबला नाही, सगळी काढली, आणि काढताना लहान पोरासारखा रडला.

नवी निशाणं टाचण्यांवर बसवून तो स्वतः सहादेवांना बोलवायला गेला. त्या दिवशी खेळ काय रंगला म्हणता. सहादेव बोटानं निशाणं फिरवायचे, जहाजं आडवी घालायचे, मांडीवर थाप मारायचे. मधेच त्यांनी सहज विचारलं, "आधीची कुनी चिकटवली हुती? हात लई नाजूक हुता."

"आमच्या मंडळींनी," रंगनाथ म्हणाला. "तुमच्याच जागी बसायची. खेळायला."

आता सहादेव हसतील असं रंगनाथला वाटलं. ते हसले नाहीत.

"मग बोलायचं न्हाई का, भल्या मानसा? मी खडूकडं बघून खेळलो आस्तो. रातच्या अंधारात निशान कुटं दिसतंय? तवा बी होड्या हाकल्याच की."

रंगनाथ टेबलाकडे बघत राहिला. सगळी निशाणं वाऱ्याच्या बाजूला होती, एकही चुकलेलं नव्हतं.

"चाल तुमची आहे," तो म्हणाला.