ऐंशीला बोलणारा तानपुरा

भरतेश अण्णांनी हाय खाल्ली होती. माणसाने एकदा हाय खाल्ली की त्याला पुरावे शोधत हिंडावं लागत नाही, ते आपण होऊन दारात येऊन बसतात.

अण्णा मिरजेचे. तानपुऱ्याची जवारी काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं. तानपुऱ्याच्या भोपळ्याच्या अंगाला एक लाकडी घोडी असते, तारा तिच्यावरून जातात. त्या घोडीचा माथा कानशीने असा घासायचा, की तार छेडल्यावर नुसती वाजून थांबू नये, गुंजत राहावी. हीच जवारी. केसभर जास्त घासलं गेलं तर आवाज बसला. म्हणजे या कामाला हात लागतो, आणि तोही स्थिर लागतो. अण्णांचे वडील आप्पा याच कामात मुरलेले. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी आप्पांचे हात थरथरायला लागले. त्यांनी कानस मुलाच्या हवाली केली आणि पुढची अकरा वर्षं हात मांडीखाली दाबून ओट्यावर बसून काढली. अण्णांना यंदाच्या भाद्रपदात अठ्ठावन्न पुरी झाली.

आणि दसऱ्यानंतर त्यांनी गाडी पहिल्यांदा हायवेला काढली, तर ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंगवरचे हात थरथरू लागले.

दुसऱ्या कुणी गाडीला चार शिव्या हासडल्या असत्या. अण्णांनी आपल्या हातांकडे पाहिलं. वेग साठावर आणला, थरथर थांबली. हातांना आता वेग सोसत नाही, असा अर्थ त्यांनी काढला आणि मुकाट्याने घरी आले. घरी दार लावून हात समोर धरला आणि डोळे वटारून त्याच्याकडे बघत बसले. इतकं रोखून पाहिल्यावर कुठलाही हात थोडाफार हलतोच, तसा तोही हलला. त्या दिवसापासून अण्णा कपबशी सोडून स्टीलच्या पेल्यातून चहा पिऊ लागले, म्हणजे बशी वाजायला नको. त्यांच्या पत्नीला, सुंदरीबाईंना, वाटलं यांनी काही व्रत धरलं. त्यांनी कौतुकाने चहात साखर वाढवली.

दिवाळी झाल्यावर वाईला जायचा दिवस आला. वाईत मनुबाई राहतात. वय ऐंशीच्या घरात, अजून घाटाजवळच्या दोन खोल्यांत मुलींना गाणं शिकवतात. त्यांच्याकडे एक तानपुरा आहे, आप्पांनी हात थरथरण्याआधी बनवलेला शेवटचा. वर्षभरात तारांनी घोडीला खाचा पडतात, आवाज घोगरा होतो. मग अण्णा जातात, तिथेच सतरंजीवर बसून जवारी काढतात, मनुबाईंचं गाणं ऐकतात आणि संध्याकाळी परत येतात. बावीस वर्षं हे चुकलेलं नाही. या खेपेला अण्णा साठच्या वर न जाता वाईला पोचले, तानपुऱ्यासमोर बसले आणि पिशवीतून कानस काढलीच नाही.

"बाई, माझ्यानं व्हायचं न्हाई आता. हातांचा भरवसा ऱ्हायला न्हाई."

मनुबाईंनी त्यांच्या हातांकडे नाही, तोंडाकडे पाहिलं. "मग घेऊन जा त्याला. दुसऱ्या कुणाचा हात त्या घोडीला लागायला नको. आणि असा घोगरा मला ऐकवत नाही."

अण्णांनी तानपुरा उचलून गाडीच्या मागच्या सीटवर आडवा ठेवला आणि पट्टा लावला. प्रवासात तारा ढिल्या करायच्या असतात, तेसुद्धा त्यांना सुचलं नाही. मग ते कृष्णेच्या घाटावर गेले. पाणी संथ होतं, देवळाची सावली त्यात पडली होती. अण्णांनी आप्पांची कानस कपाळाला लावली आणि पाण्यात सोडली. ती बुडताना काही आवाज आला नाही, आणि त्याचंच त्यांना फार वाईट वाटलं.

परतताना कराडपासून त्यांनी कडेगावचा रस्ता धरला. तिकडून हळू गेलं तर मागून कुणी हॉर्न मारून जीव खात नाही. दुपार कलली होती. दोन्ही अंगांना ऊस, आणि उसाला तुरे आलेले. वाऱ्यावर तुरे एका बाजूला झुकायचे, पुन्हा सावरायचे. रस्ता नवा, सरळ, मोकळा. अण्णांचं मन कुठेतरी आप्पांच्या ओट्यावर जाऊन बसलं होतं, आणि पाय आपला आपला ॲक्सिलरेटरवर वजन टाकत होता. काटा ऐंशीवर गेला, हात थरथरू लागले, आणि मागच्या सीटवरून तानपुरा बोलला.

घोगरा, झोपेतून उठल्यासारखा आवाज. पण षड्जाचाच. अण्णांनी चमकून आरशात पाहिलं तर मागे कुणी नाही, तानपुरा पट्ट्यात निवांत पहुडलेला. त्यांनी वेग कमी केला, आवाज विरला. वाढवला, पुन्हा आला. मग त्यांना भान उरलं नाही. ऐंशीला आप्पा बोलायचे, साठला गप्प व्हायचे. अण्णांनी त्यांना चार वेळा बोलतं केलं. उसाचे तुरे, पिवळं ऊन, आणि मागून येणारा तो सूर. हा रस्ता संपूच नये असं त्यांना वाटलं. आणि मग एकाएकी त्यांनी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. हात गेले ते गेले, आता कानही चालले की काय.

रस्त्याच्या कडेला लिंबाखाली एक गॅरेज होतं. अण्णांनी गाडी तिथे लावली आणि प्यायला पाणी मागितलं. गॅरेज मानसिंगचं, पाटीवरच तसं लिहिलेलं. मानसिंग बावीस वर्षं फौजेत गाड्या दुरुस्त करून गावी परतलेला, छाती अजून परेडला उभी असल्यासारखी. त्याने तांब्या दिला आणि गाडीभोवती एक चक्कर मारली.

"अण्णा, गाडीला काय झालंय?"

"गाडीला काय न्हाई."

"मग आसं हळू-जोरात, हळू-जोरात का करत आलासा? मी मघापासनं ऐकतुया."

ओळखीच्या माणसाला जे महिनाभर सांगता आलं नव्हतं, ते या परक्याला सांगून टाकायला अण्णांना एक तांब्या पाणी पुरलं. "हात थरथरत्यात माझं. वडलांचं बी थरथरायचं. ऐंशीला सुरू हुतंय."

"साठला?"

"न्हाई."

"ब्रेक दाबल्यावर वाढतंय का?"

"न्हाई. मघाशी एकदा काटा नव्वदीच्या म्होरं ग्येला, तवा उलट जरा कमी पडलं."

मानसिंगने मिशीवरून हात फिरवला. "अण्णा, फौजेत लय थरथरणारं हात बघितलं. थंडीनं, भीतीनं, दारूनं. पर काटा बघून थरथरणारा हात काय मला गावला न्हाई. चावी द्या. तुमी बाजूला बसा, हात मांडीवर ठिवा."

गाडी निघाली. अण्णा बाजूच्या सीटवर बसले, हात मांडीवर, नजर समोर. साठ. सत्तर. उसाचे तुरे मागे पळू लागले. ऐंशीला मागून तो सूर आला. अण्णांनी डोळे मिटून घेतले.

"मागं काय घुमतंय वो?" मानसिंग म्हणाला.

अण्णांनी डोळे उघडले. "तुमास्नी ऐकू येतंय?"

"मी काय भैरा हाय व्हय? आन् हे बघा."

स्टिअरिंग मानसिंगच्या हातात थरथरत होतं. त्याचे दांडगे, ग्रीसने माखलेले हात त्याच्याबरोबर हलत होते. अण्णांनी खाली पाहिलं. त्यांचे स्वतःचे हात मांडीवर पडले होते, एकावर एक, आणि अजिबात हलत नव्हते. ते कितीतरी वेळ त्या हातांकडे बघत राहिले. महिनाभर त्यांनी या हातांना गुन्हेगारासारखं वागवलं होतं, आणि आता त्यांना त्या हातांसमोरच लाज वाटली.

गॅरेजवर येऊन मानसिंगने पुढचं चाक उतरवलं, उलटं केलं आणि आतल्या बाजूने बोट फिरवलं. "साऱ्या गतीला हादरलं आस्तं तर टायर बघितला आस्ता. ब्रेकला हादरलं आस्तं तर डिस्क. पर ठरावीक गतीलाच हादरतंय म्हंजी चाकाचा तोल ग्येला. हितं वजनं चिकटवल्याली आस्त्यात, शिशाच्या वड्या. ही बघा खूण. कुणी काढली?"

अण्णांनी खूण पाहिली. चार चौकोनी, स्वच्छ घासलेल्या जागा. त्यांना सगळं आठवलं. खंडेनवमीला हत्यारांबरोबर गाडीचीही पूजा. अण्णांनी सकाळपासून गाडी धुतली. चाकांच्या आत त्यांना त्या करड्या वड्या दिसल्या. ज्या माणसाने जन्मभर लाकडावरचा कणसुद्धा राहू दिला नाही, त्याला ही घाण कशी बघवावी? भोपळा खरवडायच्या पातीने त्यांनी एकेक वडी मेहनतीने उपटून काढली होती, आणि वर हळदकुंकू वाहिलं होतं.

"मीच," अण्णा म्हणाले. "पूजेला."

मानसिंगने मान खाली घातली. खांदे हलत होते, पण हसण्याचा आवाज बाहेर येऊ दिला नाही, ही फौजेची शिस्त. मग त्याने चारही चाकं एकेक करून यंत्रावर फिरवली आणि नव्या वड्या चिकटवून बसवल्या. पुढच्या एका चाकाला पस्तीस ग्रॅम, दुसऱ्याला वीस, मागच्यांना त्याहून कमी.

"एवढ्याशानं?" अण्णांनी विचारलं, आणि विचारून ओशाळले. तारेखाली सुताचा एक धागा सरकवून त्यांनी जन्मभर तानपुरे बोलते केले होते. एवढ्याशाने काय होतं हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

पुन्हा फेरी झाली. अण्णांनीच चालवली. सत्तर, ऐंशी, नव्वद. स्टिअरिंग गप्प, हात गप्प, आणि तारांना छेडणारा हादराच गेल्यामुळे मागे तानपुराही गप्प. जीव भांड्यात पडला, आणि पुढच्याच क्षणी अण्णांना कानस आठवली. ती आता कृष्णेच्या तळाशी होती.

गॅरेजवर उतरल्या उतरल्या त्यांनी विचारलं, "मानसिंगराव, एखादी कानस हाय का? बारीक?"

मानसिंगने आणलेल्या कानशी अण्णांनी नखावर घासून एकेक परत केल्या. शेवटी त्याने पत्र्याच्या डबीतून एक पातळ पट्टी काढली, जुन्या गाड्यांच्या इंजिनातले ठिणगी पाडणारे पॉइंट घासायची. "फौजेतनं आणल्याली. कुणाला देत न्हाई." अण्णांनी ती नखावर ओढली आणि लिंबाखाली पोत्यावर मांडी घातली.

त्यांनी तारा सैल केल्या, घोडी मोकळी केली आणि घासायला सुरुवात केली. ऊन उतरत गेलं. कडेगावकडून उसाच्या ट्रॉल्या जात होत्या, मानसिंगने आलेल्या गिऱ्हाइकाला बाहेरच थांबवलं होतं. हात आपला आपला चालत होता, थांबत होता, अंगठ्याने चाचपत होता, पुन्हा चालत होता. सगळं संपवून त्यांनी तारा लावल्या, धागा सरकवला आणि तार छेडली. लिंबाखाली षड्ज पसरला आणि राहिला.

अण्णांनी मनुबाईंना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि तो मानसिंगच्या हातात दिला. मानसिंगने तो तारांपाशी धरला. अण्णांनी चारही तारा पुन्हा छेडल्या.

"भरतेश," मग मनुबाई म्हणाल्या, "हात कुणाचा लागला याला?"

"माझाच, बाई."

अण्णा छेडत राहिले. आणि मग फोनमधून मनुबाईंचा सा आला, ऐंशी वर्षांच्या गळ्यातला. तो थरथरत होता, आणि अगदी जागेवर होता.