कुट्टीवालीचा स्कोअर

कुट्टीवाली गवंड्याच्या दारात भांडायला आली होती, पण भांडणात काही जीव नव्हता. एरवी चाऱ्याची कुट्टी कापायचं मशीन धडधडत असतानाही जिचा आवाज चार घरं पलीकडे जायचा, ती आज भाजीचा भाव विचारावा तसं विचारत होती.

"शिलाई मशीनचं कर्ज तू काढलंस ना?"

"काढलं." गवंडीण दाराला टेकली. "मग? तुझ्याकडून थोडंच काढलं?"

"फेडलंस?"

"सुरुवातीला भरले हप्ते. मग ह्यांचं काम बंद पडलं, राहिलं तसंच. पण तुझ्या पोटात का दुखतंय?"

"ते माझ्या नावावर दिसतंय. बँकेतली पोरगी म्हणाली, तुमचा स्कोअर खराब आहे, नव्या मशीनला कर्ज मिळायचं नाही."

गवंडीण दार सोडून सरळ उभी राहिली.

घोटाळा सगळा गावाच्या सवयीचा होता. दोघींचं नाव एक, आडनाव एक. अर्ध्या गावाचंच आडनाव एक म्हटल्यावर गावानं हाकेपुरती सोय लावली होती: ही कुट्टीवाली, ती गवंडीण. जन्मतारखेचं तर विचारूच नका. पोर कधी झालं म्हटलं की "पेरणी चालली होती बघा" असं उत्तर यायचं, म्हणून आसपासच्या सगळ्या शाळांतल्या मास्तरांनी नाव घालताना सरसकट एकच तारीख लावून टाकली. सगळं गाव एकाच दिवशी जन्मलेलं! आणि फोनला रेंज काय ती कुट्टीच्या शेडजवळ, म्हणून गवंडिणीनं अर्जावर नंबरही कुट्टीवालीचाच दिला. बँकेचा फोन आला की कुट्टीवाली मशीनच्या आवाजात "राँग नंबर" म्हणून ठेवून द्यायची. नाव तेच, तारीख तीच, फोन तोच. बँकेनं दोन बायकांची एक बाई केली.

"अगं, मला मेलीला काय माहीत," गवंडीण म्हणाली. "मारायचं तर मार दोन."

"मारून काय करू? बँकेत चल."

नवं मशीन काही हौसेचं नव्हतं. जुन्याच्या तोंडाला आडोसा नाही. पेंढी हातानं आत सारायची, पुढं पाती फिरतायत. मागच्या हिवाळ्यात त्यानं तिच्या नवऱ्याचा उजवा हात मनगटापासून नेला. तेव्हापासून नवरा पायरीवर बसून असायचा, त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. आणि ती? दवाखान्यात रडली नाही, घरी येऊन रडली नाही. रक्त धुतलं, मशीन पुसलं, दुसऱ्या दिवशी चालू केलं. लोक म्हणाले, बाई खमकी आहे. खमकी कसली, तिला काही वाटतच नव्हतं. भूकसुद्धा कुणी ताट पुढं सरकवलं की आठवायची.

आता मशीनच्या तोंडाशी सून उभी राहायची. पोरगा कामाला बाहेरगावी, सासू गिऱ्हाईक नि उधारी बघायची, दुसरं होतं कोण? नव्या मशीनला पट्टा होता. पट्ट्यावर चारा ठेवायचा आणि लांब राहायचं. दांडी ढकलली की पाती जागच्या जागी थांबतात. ते मशीन सुनेचे हात जायच्या आत हवं होतं, एवढं एकच तिच्या डोक्यात पक्कं होतं.

गवंडिणीनं बँकेत जाऊन कर्ज आपलं असल्याचं लिहून दिलं. दोघींची ओळखपत्रं जोडली, तक्रार वर गेली. पुढं बरेच दिवस काहीच कळलं नाही. मग एकदा बँकेतल्या पोरीनं बोलावलं. गवंडीणही सोबत निघाली, म्हणाली, "मी घाण केली, धुतलेली बघायला नको का?"

"झालं दुरुस्त," पोरगी हसून म्हणाली. "ते कर्ज तुमच्या नावावरून निघालं."

"मग आता माझा स्कोअर किती?"

पोरीचं हसू जरा कमी झालं. "स्कोअर नाहीये, काकू."

"नाही म्हणजे शून्य?"

"शून्यही नाही. काहीच नाही. तुम्ही आजवर कुठून कर्ज घेतलंय?"

"कुणाचा एक पैसा ठेवलेला नाही मी."

"तेच तर. घेतलेलं वेळेवर फेडता की नाही, त्याचा तो आकडा. तुम्ही घेतलंच नाही, तर आकडा कशाचा काढणार?"

"अहो, अख्खं गाव माझ्याकडं उधारीवर चारा कापून नेतं. पीक निघाल्यावर देतात."

"ते तुम्ही दिलेलं झालं, काकू. आणि त्याची आमच्याकडं नोंद कुठं आहे?"

मग पोरीनंच नीट समजावलं. एखादी लहानशी वस्तू हप्त्यावर घ्या. रोख परवडली तरी हप्त्यावरच घ्या. तारीख चुकवू नका. आणि घाईघाईनं चार बँकांत अर्ज टाकत फिरू नका, त्या चौकशांनीही आकडा खाली येतो. वर्षभरानं या, मग बघू.

"आणि माझा?" गवंडिणीनं मान पुढं काढली.

"तुमचा बराच खाली आहे. राहिलेलं भरलंत की हळूहळू चढेल."

बाहेर आल्यावर गवंडीण म्हणाली, "बघ गं, मी निदान नापास तरी झाले. तुला तर परीक्षेलाच बसू दिलं नाही." एरवी अशा बोलण्यावर कुट्टीवालीनं तिला रस्त्यावर लोळवली असती. आज ती नुसती चालत राहिली. राग यायला हवा हे तिला कळत होतं, पण येत नव्हता.

वाटेत तिनं एक पंखा घेतला.

"काकू, रोख द्या की, सूट देतो," दुकानदार म्हणाला.

"सूट नको. हप्ते दे."

"पैसे तर दिसतायत हातात!"

"असू देत."

दुकानदारानं गवंडिणीकडं बघून डोक्याशी बोट फिरवलं. गवंडिणीनं त्याच्यावर डोळे वटारले. मशीनवर कमावून साठवलेले पैसे घरात असते तर गोष्ट वेगळी होती. पण दवाखान्यानं ते कधीच खाल्ले होते आणि हातातल्या पैशांत पंखाच येत होता.

घरी पोचली तर पायरीवर नवरा. "पंखा कशाला? आहे की एक."

"स्कोअर काढायला."

"आणि मशीन?"

"वर्ष धर."

तो शेडकडं बघत राहिला. तिथं चार माणसं चारा घेऊन खोळंबली होती. सुनेनं पहिली पेंढी उचलली होती, बटणाकडं हात चालला होता. कुट्टीवाली गेली आणि पेंढी तिच्या हातातून काढून घेतली.

"तू मागं बस. कापलेलं पोत्यात भर. तोंडाशी मी राहीन."

"अहो आई, तुम्हाला आता सवय नाही. मी करते ना."

"वर्षाचा तर प्रश्न आहे. सरक."

"आणि तुम्हाला काही झालं म्हणजे?"

"सरक म्हटलं ना."

सून सरकली. कुट्टीवाली साडीवर कामाचा लांब बाह्यांचा शर्ट चढवून बटण दाबणार तेवढ्यात मागून नवऱ्याचा आवाज आला.

"थांब."

तो पायरीवरून उठून शेडमध्ये आला होता. हात गेल्यापासून तो शेडमध्ये पाऊल टाकत नसे.

"बाह्या दुमड आधी. माझी बाहीच ओढली त्यानं."

तिनं पेंढी खाली ठेवून एक बाही वर केली. दुसरी त्यानं केली, एका हातानं, हळूहळू, कोपराच्या वरपर्यंत. दुमड सैल होती म्हणून सोडून पुन्हा घातली. चारावाल्यांपैकी कुणीतरी ओरडलं, "काकू, आवरा की, जनावरं उपाशी आहेत!"

"आवरतेच आहे," ती म्हणाली. तिनं बटण दाबलं, आणि मशीनच्या धडधडाटात कुणाला ऐकू जाणार नाही असं बघून, पेंढीवरची नजर न हलवता, ती रडायला लागली.