रणजीतच्या लेकराची धुंड

या, असे जवळ सरका. टाळ मांडीवर ठेवा. बुवा उभे राहायला वेळ आहे, तोवर एक गोड गोष्ट सांगतो.

धुळवडीच्या सकाळी साखऱ्याजवळच्या तांड्यात रूपाबाईनं दारात घोंगडी अंथरली. तिची सून शिला लेकराला पदराखाली घेऊन त्यावर बसली. ती आदल्या सांजेलाच हिंगोलीहून, माहेरून आली होती. वर्षभरात मुलगा झाला की होळीला त्याची धुंड करायची, ही तांड्याची रीत. लेकरावर आडवी काठी धरायची आणि गेऱ्यांनी, म्हणजे होळी खेळणाऱ्या तांड्यातल्या पोरांनी, तिच्यावर काठ्या वाजवत, बापाचं नाव घेऊन आशीर्वाद गायचा.

पण काठ्या थांबल्या होत्या. लापशीचं पातेलं निवत होतं.

लेकराचा बाप रणजीत जाऊन तीन वर्षं झाली होती. कॅन्सरचे उपचार सुरू होण्याआधी डॉक्टरांनी त्याचं बीज गोठवून ठेवलं होतं. शिलाला लेकरू झालं ते त्यापासून.

"मेला माणूस बाप होतो व्हय?" गेऱ्यांतला धनसिंग म्हणाला.

"तुजा बाप जित्ता असून कवा घरी दिसला?" रूपाबाईनं विचारलं.

पोरं हसली. तांड्याचा नायक प्रेमदास हसला नाही.

"कायदा काय म्हणतो ते ऱ्हाऊ दे, रूपाबाय. रणजीतच्या मनात व्हतं का? गेलेल्या माणसाच्या नावानं आपणच ठरवावं, हे बराबर न्हाई."

शिलानं मान वर केली. "त्यायनं माझ्यासमोर सही केली, नायक. म्हणले, मी असो-नसो, तुझी मर्जी असंल तर लेकरू होऊ दे."

"मंग इतके दिवस काहून थांबलीस?"

"रडून राहिले व्हते. लेकराला हसत आणायचं व्हतं."

प्रेमदासनं उगाच पागोटं सारखं केलं. मग घोंगडीवर बसून लेकरू मांडीवर घेतलं.

"म्हणा रं. रणजीतचं लेकरू."

काठ्या अशा कडाडल्या की शेजारची कोंबडी आढ्यावर गेली. आशीर्वाद सरला. नायकानं लेकरू दोन्ही हातांनी उंच धरलं आणि झबलं वर सरकलं.

"रूपाबाय, ही तर पोरगी हाय."

"व्हय. पेमा."

"धुंड पोराची असते. सांगितलं काहून न्हाई?"

"कालपासून समदे बापाचंच विचारून राहिले. हिचं कुणी विचारलं?"

पेमानं तोवर नायकाची मिशी मुठीत धरली होती. ती सोडवायची त्यानं घाई केली नाही.

"वाजवा रं," तो म्हणाला, "पुन्यांदा. आता हिचं नाव घेऊन."

बुवा उभे राहिले बघा. घ्या टाळ. पण देवाचं नाव घेताना त्या रणजीतची आणि त्याच्या पेमाचीही आठवण काढा.