धुराड्यामागची फट

जगातल्या मोठमोठ्या नद्या कुठे उगम पावतात, हे मास्तरांनी नोकरीभर मुलांना शिकवलं. डोळे मिटून नकाशावर बोट ठेवलं, तरी ते नेमकं उगमावर पडायचं. पण निवृत्त झाल्यावर त्यांच्याच निजायच्या खोलीत, बायकोच्या कपाटावर जी एक बारीक धार पडू लागली, तिचा उगम काही त्यांना सापडेना.

घर जुनं, उतरत्या कौलांचं. कौलांखाली माळा, माळ्याखाली खोली. पाऊस आला की कपाटावर बादली चढे आणि पाऊस गेला की छपरावर मास्तर. जिथे संशय येईल तिथे ते डांबराचा ठिपका देत. संशयी स्वभावामुळे ठिपके इतके झाले की रस्त्यावरून पाहणाऱ्याला घराला कांजिण्या आल्यासारखं वाटे. गळती होती तिथेच होती. मास्तरीणबाईंना काळजी कपाटातल्या वस्तूंची. त्यात एक नवा कोरा, जाड टॉवेल होता. मास्तरांनी तो एकदा मागितला होता, तेव्हा "असू दे, कुणाला तरी लागेल," असं म्हणून बाईंनी तो परत घडी घालून ठेवला होता. आल्यागेल्याने बादलीकडे पाहिलं की बाई म्हणत, "ह्यांचं शोधणं चालू आहे." अगदी सरळ आवाजात म्हणत. म्हणून तर ते जास्त लागे.

इथवर ठीक होतं. खरं दुखणं सुरू झालं ते बाईंनी परस्पर धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला बोलावलं तेव्हा.

साडू हे नातं मोठं चमत्कारिक. भाऊ डोईजड झाला तर मध्ये भिंत घालून वेगळं होता येतं. साडूशी वेगळं कसं होणार? तो आधीपासूनच वेगळा असतो, आणि तरी त्याची मोजपट्टी जन्मभर आपल्या पाठीला लागलेली असते. हा साडू विम्याच्या कचेरीत साहेब होता, पण हौस सगळी पकडी-पान्यांची. कमरेला चामडी पट्टा, पट्ट्यात ओळीने हत्यारं, आणि प्रत्येक हत्याराच्या दांड्याला तेल लावलेलं. गेल्या खेपेला त्याने मोरीचा तुंबलेला नळ मोकळा केला आणि मास्तरांच्या निळ्या काठाच्या टॉवेलला हात पुसले. नळाचं कौतुक बरेच दिवस पुरलं. टॉवेलबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मास्तरांनीही काढला नाही. फक्त त्या दिवसापासून तो टॉवेल ते स्वतःच्या हाताने सगळ्यात उंच खुंटीवर अडकवू लागले.

आणि आता हा गळतीही काढणार. म्हणजे ह्यापुढचा प्रत्येक पाऊस साडूच्या नावावर. आभाळ भरून आलं की बायको चहा ओतता ओतता म्हणणार, "भाऊजी आले म्हणून बरं झालं हो." मास्तरांना तो चहा आत्तापासूनच कडू लागू लागला. काय वाटेल ते होवो, उगम आपणच काढायचा आणि आजच काढायचा, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

साडू आला, माळ्यावर गेला, खाली उतरला आणि त्याने कामं वाटून दिली. छपरावर एकाने पाइपने पाणी सोडायचं, खालच्या वळचणीपासून सुरुवात करून एकेक ओळ वर सरकायचं. माळ्यावर दुसऱ्याने नजर ठेवायची आणि थेंब दिसला की "आलं" म्हणून ओरडायचं. वरच्याने ओळ बदलताना काठीने कौलावर दोनदा ठोकायचं. वर कोण आणि खाली कोण, हे मास्तरांनी विचारण्याआधीच तो म्हणाला, "दादा, पाणी सोडायला काय, कुणीही चालतं. बघायला मात्र नजर लागते."

'कुणीही' निमूटपणे शिडी चढला. मागून बाईंचा आवाज आला की टॉर्च धरायला मी येते माळ्यावर. मास्तर इतकी वर्षं डांबराचा डबा जवळजवळ दातात धरून छपरावर चढत होते, तेव्हा काही धरायला कुणी आलं नव्हतं.

पहिली ओळ कोरडी गेली. दुसरीही. ऊन कौलांवर चांगलंच तापलं होतं आणि पाइपचं पाणी पन्हळीतून अंगणात धो धो वाहत होतं. मास्तरांनी ठरल्याप्रमाणे दोनदा ठोकलं आणि वर सरकले. तेवढ्यात खालून बाईंचं हसू ऐकू आलं.

पाहुण्यांसाठीचं हसू नव्हे. ते मास्तरांच्या ओळखीचं होतं, तोंडाला पदर लावून मोजून दिलेलं. हे पोट धरून हसणं होतं, शेवटी श्वास संपून "पुरे, पुरे" म्हणायला लावणारं. हे हसू ह्या घरात शेवटचं कधी झालं होतं ते मास्तरांना आठवेना. त्यांना वाटलं होतं, वयामुळे बंद झालं असेल.

ते कौलांवर वाकले. शब्द येत होते, पण दुलईत तोंड घालून बोलल्यासारखे. डावीकडे सरकले तर आवाज आणखी बुडाला. उजवीकडे सरकले तर जरा वर आला. मग मात्र ओळी राहिल्या ओळींच्या जागी. पाइप हातात, पाणी भलतीकडे आणि मास्तर आवाजाच्या मागे मागे, माग काढणाऱ्या कुत्र्यासारखे तिरपे निघाले. साडूने खालून बजावलं, की दादा, ओळ सोडू नका. मास्तरांनी काठी दोनदा ठोकली. तिचा ठरलेला अर्थ 'पुढे सरकतो' असा होता. मनातला अर्थ इथे देण्यासारखा नाही.

धुराड्यापाशी आवाज मोकळा झाला आणि धुराड्याच्या मागच्या अंगाला तर रेडिओ लावल्यासारखा स्वच्छ. मास्तर मनाशी म्हणाले, बरोबर, धुराड्यातून येतोय. मग त्यांच्या लक्षात आलं की धुराडं स्वयंपाकघरातून येतं आणि ही दोघं माळ्यावर आहेत. शिवाय गॅस आला तेव्हा धुराड्याचं तोंड त्यांनीच फरशी ठेवून सिमेंटने बंद केलं होतं. मग हा आवाज येतो कुठून?

धुराड्याच्या मागे कुजलेल्या पानांचा ढीग साचला होता. तो हाताने बाजूला केला. विटा आणि कौलं जिथे भेटतात तिथली पत्र्याची पट्टी एका कडेने उचलली गेली होती. मास्तरांनी फटीत बोट घातलं, ते सहज आत गेलं. वरून वाहत येणारं पाणी धुराड्याला अडतं, पानांत तुंबतं, इथून आत शिरतं, वाशावरून तिरपं उतरत जातं आणि लांब जाऊन माळ्याच्या फळ्यांतून कपाटावर पडतं. सगळी नदी त्यांना नकाशावरच्यासारखी दिसली. उगम सापडला होता.

आता ओरडायला हवं होतं. पण फटीला कान लावून ओरडता येत नाही, आणि कान काढवेना, कारण नेमका त्यांचाच विषय निघाला होता.

"ताई, मला हे मघाशीच दिसलं," साडू सांगत होता. "हा वासा बघा, धुराड्यापासून इथपर्यंत काळा पडलाय. सांगून टाकू का दादांना? उगाच उन्हात भाजताहेत."

"नका सांगू," बाई म्हणाल्या. "त्यांचं त्यांना सापडू दे."

"आणि नाही सापडलं तर?"

"तर तुम्ही वर जा आणि धुराड्याकडे बोट करून विचारा, दादा, इथे काय झालंय हो? पुढचं ते सांगतील. उगमापासून मुखापर्यंत."

आणि पुन्हा ते हसू.

मास्तर तापल्या कौलावर तसेच बसून राहिले. साडू हुशार निघाला असता तर त्यांनी ते गिळलं असतं, निदान गिळायचा प्रयत्न केला असता. पण दोघांनी मिळून त्यांच्यावर दया करायची, आणि वर त्याचा बेत आखायचा? बायकोचं एक गुपित होतं, आणि त्यात आपला हिस्सा शून्य, साडूचा अर्धा! त्यातून जास्त जळवणारी गोष्ट ही, की बेत उत्तम होता. साडूने विचारलं असतं तर त्यांनी खरोखरच सगळं समजावून सांगितलं असतं आणि मरेपर्यंत स्वतःला शोधक मानलं असतं.

त्यांनी पाइपचं तोंड फटीत घातलं. जोर यावा म्हणून अंगठ्याने अर्धं दाबलं. खाली नेमकं कोण उभं आहे ते दिसत नव्हतं. आवाज अगदी खालून आला होता, एवढंच त्यांना माहीत होतं.

माळ्यावर कुणी गुळणी केल्यासारखा आवाज झाला. ठरलेला शब्द बऱ्याच वेळाने आला, तोही बाईंकडून, कारण साडूचं तोंड मोकळं नव्हतं. "आलं," म्हणून त्या जे हसत सुटल्या, ते थांबेनाच. मास्तरांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. हे त्यांचं स्वतःचं होतं.

"कुठे आहात दादा?" साडूने खोकत विचारलं.

"धुराड्यामागे. पट्टी उचलली गेलीय," मास्तर म्हणाले. "मला मघाशीच कळलं होतं."

खाली एकदम शांतता पसरली. 'मघाशी' म्हणजे नक्की कधीपासून, हे दोन माणसं डोळ्यांनी एकमेकांना विचारतात तेव्हा पडते तशी.

दुरुस्तीला वाद झाला नाही. मास्तरांनी मागितलं ते ते साडूने ओल्या अंगाने शिडीवरून वर दिलं, तेल लावलेल्या हातोडीसकट. मास्तरांनी जागा पुसून कोरडी केली, जुनी पट्टी काढली, नवी पट्टी ठोकून तिची वरची कड कौलांच्या ओळीखाली सारली आणि विटांच्या सांध्यात सिमेंट भरत आले. शेवटी बोटभर जागा राहिली. थापीवर गोळा घेतला, आणि सवय लागली होती म्हणून कान लावला.

आतून बघायला परत माळ्यावर गेलेला साडू शिंकला. खाली जाऊन अंग पुसतो म्हणाला.

"भाऊजी," बाई म्हणाल्या, "वरच्या खुंटीवरचा निळ्या काठाचा नका हं घेऊ. तो ह्यांचा आहे. त्यांना नाही चालत. तुम्हाला दुसरा काढून देते."

मास्तर इतके सुखावले की हात आपोआप चालला. गोळा फटीत बसला, अंगठ्याने दाबला गेला, वरून थापी फिरली. त्यांनी मान मागे घेऊन कामाकडे पाहिलं आणि तेवढ्यात त्यांच्या डोक्यात शब्द वाजला. काढून देते. काढून म्हणजे कुठून? कपाटातून?

ते घाईने वाकले, पट्टीला कान लावला, मग विटांना लावला. काम फारच पक्कं झालं होतं. आतलं एक अक्षर बाहेर येत नव्हतं.