सरकलेला बांध

यामिनी उजाडायच्या आधीच लॅपटॉपसमोर येऊन बसली होती आणि शेजारचा चहा कधीच निवून गेला होता. अमेरिकेतलं श्रूजबरी अजून साखरझोपेत होतं, पण तिकडे इंग्लंडमधल्या ऑल्डरविकमध्ये भर उन्हात खणणं चाललं होतं आणि ते तिला स्क्रीनवर दिसत होतं.

जेमतेम शंभर उंबऱ्यांचं ते खेडं तिने आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. आपल्या श्रूजबरीचं नाव आलं कुठून, हे शोधता शोधता ती इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत शिरली आणि ऑल्डरविकपाशी अडकली ती अडकलीच. तिथल्या इतिहास मंडळाची ती मेंबर झाली. त्या गावाला एक गोड रीत होती. दर वसंतात सगळे गावकरी चर्चपासून निघून गावाची शीव चालत आणि शिवेवरच्या प्रत्येक दगडावर काठी आपटत. त्यातला एक दगड मात्र कित्येक पिढ्या बेपत्ता होता. तो शिवेवरच्या, ओढ्याकाठच्या कुंपणात असणार, असं यामिनीने छातीठोकपणे लिहिलं होतं. दगड निघाला तर तिचं प्रकरण मंडळाच्या पुस्तकात जाणार, नाही तर वगळलं जाणार. कुंपणापलीकडच्या शेताचे मालक डन यांनी खणायला आजचाच दिवस दिला होता, उद्या तिथे पेरणी.

"यामिनी, इथे काहीच नाही," मंडळाचे अध्यक्ष प्रॉक्टर घाम पुसत म्हणाले. "सगळं कुंपण उकरून झालं. आय ॲम सॉरी."

दोन वर्षं मर मर मेहनत केली ती याचसाठी?

"अगं, कुंपणात कशाला सापडेल?" मागून तिचा नवरा पुरुषोत्तम टोस्ट चावत म्हणाला. त्याचं बालपण बार्शीजवळच्या शेतात गेलेलं. "आमच्या कुमारकाकांनी दर वर्षी वीतभर बांध कोरला. दगड हलवायची छाती नव्हती, तो राहिला जागच्या जागी. बांध मात्र पुढे सरकत गेला. शेवटी दगड आला काकांच्या उसात!"

यामिनी ताडकन उठली. खुर्ची मागे आपटली.

"प्रॉक्टर, थांबा! कुंपण ऑल्डरविकच्या बाजूला सरकलंय! दगड डन यांच्या शेताच्या आत बघा!"

तिकडे खड्ड्यापाशी उभे असलेले डन लालबुंद झाले. "माझे आजोबा तसले नव्हते," ते म्हणाले. मग त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "पणजोबा मात्र होते. खणा."

कुंपणापासून चार पावलं आत फावडी चालू लागली. माती, मुळं, पुन्हा माती. यामिनीने पुरुषोत्तमचा दंड इतका घट्ट धरला की तो ओरडला. वर झोपलेला आर्य डोळे चोळत खाली आला. "आई, व्हॉट हॅपन्ड? इज समवन हर्ट?"

"गप्प बस आणि बघ!"

ठण्ण!

प्रॉक्टर गुडघ्यांवर बसले आणि हातांनी माती बाजूला करू लागले. एक आडवा पडलेला दगड वर आला. त्यावर चर्चची खूण कोरलेली होती, अगदी बाकीच्या दगडांवर असते तशीच. तिकडे आरडाओरडा झाला, कुणीतरी टोपी उडवली. इकडे यामिनी हसत होती आणि रडतही होती. आर्यला काही कळलं नाही, तरी त्याने "येस्स!" म्हणून हवेत मूठ नाचवली.

"तुमचं प्रकरण जाणार, आणि तेही सगळ्यात पहिलं!" प्रॉक्टर हातांची माती झटकत म्हणाले. "पण इतिहासाला आधार लागतो. हे कुठून कळलं म्हणून लिहू?"

यामिनीने वळून पाहिलं. पुरुषोत्तम दोन्ही हात हलवून नको नको करत होता. ही भानगड इंग्लंडात छापून आली, तर बार्शीत तोंड दाखवायला जागा नव्हती. पण सांगितल्यावाचून राहवेल तर ती यामिनी कसली!

"लिहा," ती मान ताठ करून म्हणाली. "माझ्या सासरचा अनुभव."