चार सेंटीमीटर कमी

"पोरी, कापडी फीत आहे ही. दर सहा महिन्यांनी लोखंडी पट्टीला लावून बघत जा. ताणली की कमी दाखवायला लागते."

"बाबा, वाघाला कोट शिवायचाय का मला?" ताई हसली आणि मला खिशात टाकून निघाली.

मित्रांनो, ती फीत म्हणजे मी. ताईच्या बाबांच्या शिंपीकामाच्या दुकानात बाह्या, गळे आणि कंबरा मोजत माझे दिवस मजेत गेले. ताई अभयारण्यात वाघांची वाढ मोजायच्या कामाला लागली, तेव्हा त्यांनी मला तिच्या हवाली केलं.

जंगलातले प्राण्यांचे डॉक्टर लांबून भुलीचं इंजेक्शन मारत. वाघ आडवा झाला की त्याच्या डोळ्यांवर फडकं टाकून ताई मला नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत पसरायची, मग छातीभोवती गुंडाळायची. वजनकाटा जंगलात नेणं अवघड, म्हणून छातीच्या घेरावरूनच वजनाचा अंदाज काढत. "हिची फीत असली की दुसरं काही लागत नाही," असं डॉक्टर म्हणाले की मी फुलून जायचे. दर मोजणीनंतर मला औषधाच्या गरम पाण्यात बुडवून, पिळून तारेवर टांगत. अशी सात वर्षं गेली. लोखंडी पट्टीची आठवण कोणालाच झाली नाही.

मग धाकटी आली. एका वाघिणीची वर्षाची बछडी. एवढ्या लहान वयाचं पिल्लू सात वर्षांत पहिल्यांदाच मोजायला मिळालं होतं.

"छातीचा घेर शहाऐंशी सेंटीमीटर? या वयाला नव्वद तरी हवेत." ताईने पुन्हा मोजलं. पुन्हा शहाऐंशीच.

"म्हणजे वजनात दहा-बारा किलो मार खाल्ला," डॉक्टर म्हणाले. "आईकडून हिला पुरेसं मिळत नसणार. इथे राहिली तर जगेल असं वाटत नाही."

"मग प्राणिसंग्रहालयात नेऊ या," ताई लगेच म्हणाली. तिची स्वतःची लेक तेव्हा दीड वर्षाची होती. कोणाचंही लेकरू उपाशी आहे म्हटलं की तिचा जीव खालीवर व्हायचा.

मी त्या छातीभोवतीच होते. धाकटीचा श्वास मला आतून भरभरून ढकलत होता. पोट टम्म होतं. मानेवरचे केस ओले होते. आईने नुकतंच चाटलं होतं. पण माझ्या अंगावर फक्त आकडे छापलेले आहेत. बाकीचं मी कसं दाखवणार?

वाघीण पुढचे चार दिवस त्याच जागी येऊन हाका मारत होती. झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यात ते दिसलं. ताईने ते एकदाच पाहिलं.

सहा महिन्यांनी ताईने घरी दाराच्या चौकटीला मला लावून लेकीची उंची मोजली. ब्याऐंशी! तिच्या तोंडचं पाणी पळालं. पोरीला कडेवर घेऊन ती थेट दवाखान्यात गेली. नर्सबाईंनी मुलीला लाकडी मोजपट्टीला टेकवून उभं केलं.

"शहाऐंशी. अहो, छान वाढतेय की! कशाने मोजलीत?"

ताईने मला पुढे केलं. बाईंनी मला लोखंडी पट्टीवर आडवं ठेवलं. "ही बघा, मीटरमागे पाच सेंटीमीटर ताणलीय. फेकून द्या."

ताई हसली नाही. लेकीला उराशी धरून ती बाकावर बसली. "मग माझी धाकटी..." एवढंच तिच्या तोंडून निघालं.

दुसऱ्या दिवशी ताईने जंगलातल्या डॉक्टरांना सगळं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "आता नाही सोडता यायची. शिकार शिकायचे दिवस आईजवळचे होते. ते गेले."

बाबांनाही हे कळलं. आपली लोखंडी पट्टी काढून त्यांनी ताईच्या हातात दिली. ताईने मला फेकलं मात्र नाही. तिच्या टेबलाच्या खणात त्या पट्टीशेजारीच मी पडून असते. आता नवी फीत आलीय, तिला दर महिन्याला पट्टीला लावतात. त्याचा आवाज मला ऐकू येतो.

मित्रांनो, कोणी वाढत नाही असं म्हणण्याआधी हातातलं माप तपासून घ्या. आणि एक काम करा. मला आता कोणी कुठे नेत नाही, पण तुमची सहल कधीतरी प्राणिसंग्रहालयात जाईलच. उजवीकडचा शेवटचा पिंजरा. पाटीवर 'अशक्त अवस्थेत आणलेली' असं लिहिलंय, ते खरं नाही. तिचं पोट भरलंय का ते बघू नका, ते भरलेलंच असतं. आईची हाक आल्यासारखी ती मान वर करून बघते का, तेवढं बघून या.